सगळे कायदे मोबाइलवर मतदान घेऊनच केले तर? तोटे काय, नीट सांगा

पिंपळपार
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारतोय. पक्षांची धुळवड नकोय, कोणाला शिव्या घालायच्या असतील तर वेगळा धागा काढा प्लीज.

गेल्या पाच-सहा वर्षांत आपल्या राज्यात काय काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. आपण मत दिलं एकीकडे, माणूस जाऊन बसला भलतीकडे, आणि मधे आपल्याला विचारायला कोणी आलं नाही. मग मला वाटतं की हा मधला माणूस हवाच कशाला? आज भाजीवाल्याकडे पण क्यूआर कोड आहे, आधार आहे, ओटीपी आहे. प्रत्येक मोठ्या निर्णयावर थेट अ‍ॅपवर मत घ्यायचं. रविवारी सकाळी नोटिफिकेशन आलं, अमुक विधेयक, होय की नाही, दाबलं, संध्याकाळी निकाल. एस्टोनियात २००५ पासून इंटरनेटवरून मतदान चालू आहे, आपल्याकडे बिहारने २०२५ मध्ये काही नगरपालिकांच्या निवडणुकीत मोबाइलवरून मतदान घेतलं. म्हणजे जमतंय ना?

ऑफिसात डबा खाताना हे बोललो तर सगळे हसले, पण नीट कारण एकानेही नाही सांगितलं, "हॅक होईल रे" एवढंच. तर हॅकिंग सोडून खरे तोटे काय आहेत ते जाणकारांनी लिहा.

ओटीपी_आला_का
मी पेमेंटवाल्या सॉफ्टवेअरमध्ये काम करते म्हणून आधी हॅकिंगवरच बोलणार, सॉरी :) "यूपीआय चालतं मग मतदान का नाही" हा प्रश्न मला घरच्या प्रत्येक लग्नात विचारला जातो.

पैसे चुकीच्या खात्यात गेले तर तुम्हाला कळतं, कारण मेसेज येतो, स्टेटमेंट दिसतं, तुम्ही तक्रार करता, बँक दोन्ही बाजूंच्या नोंदी काढून बघते. म्हणजे सगळी सिस्टिम उभी आहे ती कोणी कोणाला किती दिले हे लिहून ठेवण्यावर. मतदानात नेमकं हेच लिहून ठेवायचं नाहीये. मत कोणाचं हे कळता कामा नये आणि तरी ते बरोबर मोजलं गेलं हे हरलेल्या माणसाला पटलं पाहिजे. या दोन गोष्टी एकत्र करणं भयंकर अवघड आहे. त्यात अजून एक, तुम्हाला स्वतःलाही पुरावा मिळता कामा नये. मतदान यंत्राशेजारच्या व्हीव्हीपॅटची, म्हणजे आपलं मत छापून दाखवणारी, चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते आणि खाली पेटीत पडते, हातात देत नाहीत, का? कारण हातात दिली तर दुसऱ्या दिवशी ती दाखवून पैसे घ्यायला रांग लागेल. फोनवर स्क्रीनशॉट कोण थांबवणार?

एस्टोनियाने यावर तोड काढली आहे, कितीही वेळा मत बदला, शेवटचं धरलं जातं आणि केंद्रावर जाऊन कागदावर दिलं तर ऑनलाइनवालं रद्द. २०२३ च्या निवडणुकीत तिथे निम्म्याहून जास्त मतं ऑनलाइन पडली, तेव्हा लोकांचा विश्वास आहे हे मान्य. पण २०१७ मध्ये त्यांच्या ओळखपत्रांच्या चिपमध्ये दोष निघाला आणि साधारण साडेसात लाख कार्डं अडचणीत आली. देशाची लोकसंख्या तेरा लाखांच्या आसपास! त्यांनी निस्तरलं ते. आपल्याकडे एवढी कार्डं एका वॉर्डातल्या दोन कॅम्पात बदलायची म्हटली तरी काय होतं ते आधार अपडेटच्या रांगेत उभं राहिलेल्यांना विचारा.

आणि एक बघा, एस्टोनियाचे लोक त्या मतदानाने खासदार निवडतात. दर रविवारी कायदे करत नाहीत.

वारणाकाठची
ताईंनी हातात चिठ्ठी न देण्याचं लिहिलं ते अगदी बरोबर, त्याच्यापुढचं मी लिहिते.

आपल्याकडे थेट मतदानाचा एक प्रकार कधीपासून आहे, आणि शहरातल्या लोकांना तो माहीतच नसतो. बाटली आडवी! गावातलं दारूचं दुकान बंद करायचं असेल तर पंचवीस टक्के बायकांनी सह्या करून मागणी करायची, मग गुप्त मतदान होतं, मतपत्रिकेवर एक उभी बाटली आणि एक आडवी, आणि गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्यापेक्षा जास्त जणींनी आडवीला मत दिलं तर दुकान बंद. झालेल्या मतांच्या निम्म्या नाही हं, यादीतल्या एकूण नावांच्या. लग्न होऊन गेलेल्या पोरी, ऊसतोडीला गेलेल्या बायका, वारलेल्या आज्ज्या, ज्यांची नावं यादीत तशीच राहिलेली असतात त्या सगळ्या आपोआप उभ्या बाटलीकडे धरल्या जातात. कितीतरी गावांत आडवीला ढीगभर मतं पडून पण दुकान चालूच राहतं ते यामुळे.

आमच्या शेजारच्या गावात हे मतदान झालं तेव्हा मी मावशीकडे होते. आदल्या रात्री साड्या वाटल्या, जेवणं झाली, घराघरात नवऱ्यांनी दम दिला. सकाळी शाळेबाहेर दुकानदाराची माणसं उभी. बायका खाली मान घालून रांगेत. पण आत पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेल्यावर शिक्का कुठे मारला ते नवऱ्याच्या बापाला पण कळत नाही. त्या पुठ्ठ्याची किंमत ज्याने दारुड्याच्या घरात दिवस काढलेत त्याला विचारा.

आता हेच मतदान फोनवर घ्या. फोन कोणाचा? नवऱ्याचा. ओटीपी कोणाच्या नंबरवर? नवऱ्याच्या. केंद्र सरकारच्याच २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत आहे की स्वतः वापरते असा मोबाइल जवळ असलेल्या बायका ५४ टक्के, आणि इंटरनेट कधीतरी वापरलंय अशा ३३ टक्के, पुरुष ५७. आता आकडे वाढले असतील, मान्य, पण घरात एकच स्मार्टफोन असेल तर तो कोणाच्या खिशात असतो हे सांगायला सर्व्हे लागत नाही. मत घरात द्यायचं म्हणजे घराच्या कारभाऱ्यासमोर द्यायचं. एवढा एकच तोटा मला पुरेसा आहे.

खडूफळा
+१ वारणाकाठची. वाचून शांत बसलो दोन मिनिटं.

रोखठोक_राजा
सगळे तोटेच काय सांगताय, बूथवर पण पैसे वाटतातच की. यादीत नाव नसतं, दोन-दोन तास रांग, म्हातारी माणसं कंटाळून परत जातात, पुण्या-मुंबईत नोकरी करणारा गावाकडे मतदानाला जात नाही. त्यांना फोनवर मत देता आलं तर वाईट काय आहे? आणि प्रतिनिधी काय फार विचार करून मतं देतात का सभागृहात? व्हिप, म्हणजे पक्षाचा आदेश, निघाला की बटण दाबायचं. विधेयकं दहा मिनिटांत गोंधळात मंजूर होतात, आपण टीव्हीवर बघतो. मग पब्लिकने दाबलं बटण तर तेवढंच.

म्हापशेकर
रोखठोकराव, तुमच्या बाजूने एक उदाहरण देतो आणि मग तेच उलटं पण करतो.

आमच्या गोव्यात १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला. प्रश्न असा की गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की केंद्रशासित ठेवायचा. विलीनीकरणाला फूल, केंद्रशासितला दोन पानं. १९६३ च्या निवडणुकीत भाऊसाहेब बांदोडकरांचा मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्ष निवडून आला होता तो विलीनीकरणाचं नाव घेऊनच, त्यामुळे आमदारांवर सोडलं असतं तर ठराव सहज पास झाला असता. विलीनीकरणाच्या विरोधातले जॅक सिक्वेरा आणि मंडळींनी हट्ट धरला की लोकांनाच विचारा. विचारलं. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७०. संपला विषय. आणि गंमत म्हणजे दोनेक महिन्यांनी निवडणूक झाली त्यात लोकांनी परत मगोलाच निवडून दिलं, बांदोडकर परत मुख्यमंत्री! म्हणजे लोक म्हणाले राज्य तुम्हीच करा पण विलीनीकरण नको. हे वेगवेगळं सांगायची सोय फक्त थेट मतदानातच मिळते, आमदार निवडताना मिळत नाही. आमच्या घरात आजोबा फुलवाले आणि त्यांचे सख्खे भाऊ पानवाले, तेव्हा दोन्ही बाजू मी लहानपणापासून ऐकल्यात.

आता उलटं. तो कौल घेण्यासाठी संसदेत वेगळा कायदा झाला, मतदानाआधी बांदोडकरांचं सरकार पायउतार झालं, म्हणजे एका बाजूच्या हातात सरकारी यंत्रणा राहू नये. कित्येक महिने गावागावांत सभा, तियात्रं (कोकणी नाटकं), कीर्तनं, राष्ट्रमत एका बाजूने आणि गोमंतक दुसऱ्या बाजूने रोज लिहितायत, उदय भेंब्र्यांचं 'ब्रह्मास्त्र' सदर वाचायला लोक पेपरची वाट बघायचे असं घरचे सांगतात. आयुष्यात एकदा होणारी गोष्ट म्हणून माणसं त्यात बुडाली होती. दर रविवारी एक कौल असता तर तिसऱ्या रविवारी कोणी पेपर उघडला नसता.

आणि एवढं करून सुद्धा दोनच पर्याय होते. गोव्याचं स्वतंत्र राज्य हा पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच, तो मिळायला ३० मे १९८७ उजाडलं. मुंबईत राहणाऱ्या गोंयकारांनी मत मागितलं, त्यांना दिलं नाही. मत कोण देणार आणि कागदावर काय छापणार हे आधीच दिल्लीत ठरलं होतं. अ‍ॅप आलं तरी हे दोन निर्णय कोणीतरी खोलीत बसूनच घेणार ना? तो माणूस कोण, त्याला कोणी निवडलं?

पिंपळपार
हे भारी आहे म्हापशेकर, दोन महिन्यांत परत मगो हे माहीतच नव्हतं. पण प्रश्न कोण तयार करणार यावर उपाय काढता येईल ना, म्हणजे लोकांनीच प्रश्न सुचवायचे, जास्त सह्या मिळतील तो मतदानाला. स्वित्झर्लंडमध्ये असंच आहे असं ऐकलंय.

आल्प्सखालचा_जोशी
हजर! झुरिकजवळ राहतो, नागरिक नाही त्यामुळे मत नाही (इथे राहणाऱ्यांतले चौथा हिस्सा लोक असेच आहेत, निर्णय सगळे आमच्यावर पण लागू, हा पण एक तोटा लिहून ठेवा), पण बायको इथली आहे त्यामुळे टपाल माझ्याच टेबलावर उघडतं.

हो, इथे एक लाख सह्या अठरा महिन्यांत गोळा केल्या की राज्यघटनेत बदल सुचवता येतो. संसदेने केलेला कायदा नको असेल तर शंभर दिवसांत पन्नास हजार. मतदान वर्षातून साधारण चारदा. आधी तीन-चार आठवडे लाल रंगाची पुस्तिका घरी येते, त्यात विषय काय, सरकारचं म्हणणं काय, विरोधकांचं काय. घटनादुरुस्ती असेल तर लोकांचं बहुमत आणि प्रांतांचं पण बहुमत, दोन्ही लागतं. म्हणजे अठरा महिने सह्या, मग सरकारचं उत्तर, संसदेत चर्चा, कधीकधी तिथे पर्यायी मसुदा, या सगळ्यात वर्षं जातात. तुमचं रविवार सकाळचं नोटिफिकेशन आणि हे यांचा काही संबंध नाही हो. इथली सगळी गंमत त्या दिरंगाईत आहे. आणि एवढं करूनही मतदान सरासरी पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपासच. आमच्याकडे दर वेळी एखाद्या विषयावर बायको म्हणते "हे मला कळलं नाही, मी कोरं ठेवते", ती डॉक्टर आहे.

ऑनलाइनचं सांगतो. बहुतेक लोक टपालानेच मत पाठवतात. पोस्ट खात्याने ऑनलाइन मतदानाची सिस्टिम बनवली, २०१९ मध्ये कोड तपासायला खुला केला, आणि बाहेरच्या संशोधकांनी त्यात अशी चूक दाखवली की आतल्या माणसाला मतं बदलता येतील आणि तरी तपासणीत सगळं बरोबर दिसेल. सगळं बंद केलं. २०२३ मध्ये तीन प्रांतांत परत सुरू झालं, तेही मर्यादा घालून, प्रांतातल्या तीस टक्क्यांपेक्षा जास्त मतदारांना नाही. आणि मजा बघा, आपलं मत बरोबर पोचलं का हे तपासायचे कोड कागदावर छापून टपालाने घरी येतात :D

पण माझ्या मते खरा तोटा वेगळाच. १९५९ मध्ये इथे मतदान झालं की बायकांना मताचा अधिकार द्यायचा का. मत देणार कोण, तर पुरुष. ६७ टक्क्यांनी नाही म्हटलं. १९७१ ला मिळाला. म्हणजे इंदिरा गांधी पंतप्रधान होऊन पाच वर्षं झाली होती. एका छोट्या प्रांतात तर स्थानिक मतदानासाठी १९९० ला कोर्टाला आदेश द्यावा लागला, तिथल्या पुरुषांनी हात वर करून परत नाही म्हटलं होतं. २००९ मध्ये मशिदींना मिनार बांधायला बंदी, ५७.५ टक्क्यांनी पास. देशात तेव्हा मिनार किती होते, चार. चारच. ज्यांचं नुकसान होणार ते संख्येने कमी आणि बटण दाबणाऱ्याला काही फरक पडत नाही, अशा विषयात थेट मतदान फार क्रूर होतं.

तळे_राखी
जोशींच्या शेवटच्या मुद्द्यावर, लांब आल्प्समध्ये कशाला जायचं. महाड. चवदार तळं सगळ्यांना खुलं असा ठराव नगरपालिकेने १९२४ ला केला होता. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब लोकांना घेऊन तळ्यावर गेले, पाणी प्यायले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेने तो ठराव रद्द केला. बहुमतानेच केला, नियमाने केला. मग कोर्टात दहा वर्षं, १९३७ ला हायकोर्टाचा निकाल लागला आणि पाणी मिळालं. तेव्हा महाडमध्ये प्रत्येकाच्या हातात मोबाइल देऊन होय-नाही विचारलं असतं तर काय निकाल आला असता ते मी लिहायची गरज नाही.

आज पण आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर "अमुक लोकांना फ्लॅट भाड्याने द्यायचा का" असा पोल कोणीतरी टाकतं आणि लोक अंगठे देतात. वर म्हणतात लोकशाही आहे, मेजॉरिटी.

रोखठोक_राजा
ते घटनेविरुद्ध आहे, कोर्ट रद्द करेल. मी पैशाच्या, टॅक्सच्या, रस्त्याच्या विषयांबद्दल बोलतोय. तिथे काय प्रॉब्लेम?

सांताक्लाराकर
टॅक्स म्हणालात म्हणून लिहिते, एरवी मी वाचनमात्र असते.

कॅलिफोर्नियात १९७८ ला लोकांनी थेट मतदानाने प्रॉपर्टी टॅक्सला वेसण घातली, प्रॉप १३ म्हणतात. टॅक्स घराच्या किमतीच्या एक टक्का, आणि कागदावरची किंमत वर्षाला दोन टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची नाही, घर विकलं तरच नवी किंमत. तेव्हा महागाईत म्हातारी माणसं घरातून निघायची वेळ आली होती त्यामुळे लोकांनी दणकून पास केलं, चूक पण म्हणता येत नाही. परिणाम काय तर आमच्या गल्लीत सारखीच दोन घरं, आम्ही नंतर घेतलं म्हणून शेजारच्या आजींच्या कितीतरी पट टॅक्स भरतो. शाळांचा पैसा स्थानिक टॅक्समधून यायचा तो आटला, राज्यावर अवलंबून झाला. राज्याला दुसरा टॅक्स वाढवायचा तर सभागृहात दोनतृतीयांश लागतात, ते पण त्याच मतदानात ठरलेलं. आणि लोक एका वर्षी टॅक्स कमी करायला होय म्हणतात आणि पुढच्या वर्षी नव्या खर्चाला पण होय म्हणतात, कारण प्रत्येक प्रश्न वेगळा वेगळा येतो, बेरीज-वजाबाकी करायची जबाबदारी कोणाचीच नाही. घरखर्चात किराण्याला हो, ट्रिपला हो, आणि पगारातून कपातीला नाही, असं चालेल का?

बरं चूक सुधारायची तर? परत थेट मतदानच लागतं. २०२० मध्ये निदान ऑफिस-दुकानांच्या जागांना बाजारभावाने टॅक्स लावा असा प्रस्ताव आला, थोडक्यात पडला. आमदार चुकला तर पाच वर्षांनी पाडता येतो, इथे पाडायचं कोणाला?

पिंपळपार
हम्म. कायदे राहू द्या एक वेळ. पण निदान पक्षांनी तरी कार्यकर्त्यांना ऑनलाइन विचारावं ना, युती करू का वगैरे. "आप"ने २०१३ ला दिल्लीत एसएमएस मागवले होते काँग्रेसचा पाठिंबा घेऊन सरकार करू का म्हणून.

पानाखालची_रेघ
ते सरकार ४९ दिवस टिकलं :)

पक्षातलं बघायचं तर इटलीचा फाइव्ह स्टार पक्ष बघा. बेप्पे ग्रिलो हा विनोदी नट आणि कासालेज्जो हा इंटरनेटवाला धंदेवाईक, या दोघांनी काढलेला. सगळं ऑनलाइन ठरवायचं म्हणून 'रूसो' नावाचा प्लॅटफॉर्म. २०१८ ला देशातला सगळ्यात मोठा पक्ष झाला. त्याचे दोन किस्से सांगतो म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळेल.

२०१७ ला जेनोवाच्या महापौरपदाचा उमेदवार ऑनलाइन मतदानाने ठरला. एक बाई जिंकल्या. ग्रिलोला पसंत नव्हत्या, त्याने निकालच रद्द केला आणि लोकांना म्हणाला माझ्यावर विश्वास ठेवा.

दुसरा, २०१९. गृहमंत्री साल्व्हिनीने समुद्रातून वाचवलेल्या लोकांचं जहाज अडवून ठेवलं म्हणून त्याच्यावर खटला चालवायला संसदेची परवानगी हवी होती. साल्व्हिनी युतीतला जोडीदार, सरकार पडायची भीती. मग नेत्यांनी निर्णय "लोकांवर" सोडला. प्रश्न असा लिहिला की देशहितासाठी जहाज थांबवलं होतं का? होय म्हणजे खटला नको, नाही म्हणजे खटला चालवा! साइट अडखळली, वेळ वाढवावा लागला. बावन्न हजारांनी मत दिलं, ५९ टक्के होय. ज्या पक्षाने आयुष्यभर "नेत्यांना संरक्षण नको" म्हणून मतं मागितली त्याने नेत्याला संरक्षण दिलं, आणि जबाबदार कोणी नाही, कारण सदस्यांनीच ठरवलं ना. त्याच वर्षी तिथल्या डेटा-गोपनीयतेच्या सरकारी संस्थेने पन्नास हजार युरोचा दंड केला, की या सिस्टिममध्ये मताची गुप्तता राहत नाही. शेवटी २०२१ ला पक्षाचं आणि प्लॅटफॉर्म चालवणाऱ्यांचं पैशावरून फाटलं आणि पक्षाला स्वतःच्याच सदस्यांची यादी मिळेना!! यादी त्यांच्याकडे. भांडून मिळवावी लागली.

अवघड निर्णय आला की ढकलायला पोल फार सोयीचा असतो. नेते कमी होत नाहीत, फक्त त्यांना धरता येत नाही.

गोंडवनी
इथे सगळे मतदानाबद्दलच बोलतायत म्हणून थोडं वेगळं. आमच्या गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) गाव आहे, "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" वालं. तिथे ग्रामसभा बहुमताने ठरवतच नाही. सर्वसहमती. एकाला जरी पटलं नाही तर विषय पुढे ढकलतात, परत बसतात. विषय समजून घ्यायला अभ्यासगट वेगळा, त्यात बाहेरचे लोक पण येतात, पण ठरवतं गावच. याच पद्धतीने त्यांनी २००९ मध्ये साधारण अठराशे हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला. वेळ लागतो, कंटाळा येतो, कधी भांडणं पण होतात. पण समोर बसलेल्या माणसाचं तोंड बघून नाही म्हणावं लागतं, त्याचं ऐकून घ्यावं लागतं. पाचशे लोकांत जमतं, शहरात कसं जमेल मला माहीत नाही.

रोखठोक_राजा
तेच तर, तेरा कोटी लोक गोल करून बसणार आहेत का?

नकाशावाला
नाही बसणार, पण शहरात पण थेट सांगायची एक जागा आहे आणि ती फुकट जाते. विकास आराखड्यावरच्या हरकती-सूचना. मुंबईचा २०१४-३४ चा आराखडा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा लोकांनी हजारोंनी हरकती दिल्या, कोणाच्या चालू इमारतीवरून रस्ता दाखवलाय, कुठे जुन्या वारसा वास्तू चुकीच्या, कुठे देवळा-चर्चची नोंदच नाही. मुख्यमंत्र्यांनी तो आराखडा परत करायला लावला. हेच होय-नाहीवर टाकलं असतं तर ज्याच्या घरावरून रस्ता जातोय तो आणि ज्याचा ऑफिसचा वेळ वाचतोय ते, यांची मोजणी झाली असती आणि घरवाला हरला असता. हरकतीत कारण लिहिता येतं. एकच हरकत असली तरी मुद्दा बरोबर असेल तर नकाशा बदलावा लागतो, निदान उत्तर द्यावं लागतं.

भाषेचं पण बघा. २०२० मध्ये पर्यावरण मंजुरीच्या नव्या नियमांचा मसुदा केंद्राने इंग्रजी-हिंदीत काढला, शेवटी दिल्ली हायकोर्टाला सांगावं लागलं की बावीस भाषांत करा. तुमच्या अ‍ॅपवर विधेयकाचं मराठी कोण करणार आणि किती जणांना ते कळणार, त्या सरकारी मराठीपेक्षा इंग्रजी बरं म्हणायची वेळ येते.

पिंपळपार
एवढं सगळं लिहिलंत, मनापासून आभार. अजून सगळं पटलेलं नाही, व्हिपवरचा रोखठोकरावांचा मुद्दा कोणी खोडला नाहीये असं मला वाटतं. वारणाकाठच्या ताईंचं मात्र डोक्यातून जात नाहीये.

नकाशावाले, आमच्या इथे पण प्रारूप आराखडा लागलाय म्हणे, ती हरकत द्यायची कुठे आणि ऑनलाइन दिली तर चालते का?

नकाशावाला
नोटिशीत पत्ता आणि शेवटची तारीख असते ती बघा, मुदत महिन्याभराचीच असते बहुतेक. ईमेल चालत असेल तर तोही करा पण कागद नेऊन द्या. सर्व्हे नंबर, नकाशाची प्रत, काय चूक आहे आणि काय करावं हे थोडक्यात. दुसऱ्या प्रतीवर आवक-जावकचा शिक्का आणि तारीख मारून घ्या. आणि सुनावणीला बोलावलं की स्वतः जा, निम्मे लोक तिथेच गळतात.

रोखठोक_राजा
सुनावणी कामाच्या दिवशी सकाळी अकराला ठेवतात, जाणार कोण? हे तरी ऑनलाइन करा म्हणावं.

नकाशावाला
हे मात्र १०० टक्के मान्य.